शिसवीच्या राईतली ब्रिगेड

४ जानेवारी, रविवार

लिफ्ट आजही बंद. खिडकीतून यादगिरीला हाक मारली. हा आमचा वॉचमन. लिफ्ट, पाणी आणि अफवा ही तिन्ही खाती त्याच्याकडे. "कर्नल साब, परसों आता बोला मेकानिक," तोंड वर करून ओरडला. हैदराबादेत 'परसों'ला तारीख नसते. मी इथलाच, त्यामुळे फसलो नाही, नुसता चिडलो.

नोव्हेंबरात न्हाणीघरात घसरलो आणि खुबा मोडला. तो आता स्टीलचा आहे. घरात वॉकर घेऊन फिरतो, पण तीन मजले उतरायला डॉक्टरांची मनाई. म्हणजे चिक्कडपल्लीच्या या फ्लॅटमध्ये मी नजरकैदेत. एकोणऐंशीव्या वर्षी माणसाला काम तरी हवं. ते आर्मीने पाठवलंय. आमच्या डिव्हिजनचा इतिहास लिहायचाय. एकाहत्तरच्या लढाईत तिच्या हेडक्वार्टरमध्ये मी सर्वांत धाकटा कॅप्टन होतो. त्या तंबूतला आता मी एकटाच उरलोय, म्हणून हा मान माझा. मार्चअखेर सगळं द्यायचंय.

पुस्तक इंग्रजीत. ही वही मात्र मराठीत, कारण टायपिंग स्नेहा करते आणि मराठी वाचायला बसली की तिला एका पानाला अर्धा तास लागतो. मुलीला इंग्रजी शाळेत घातल्याचा एवढा तरी फायदा.

७ जानेवारी

संध्याकाळी पहिलं प्रकरण सांगितलं. डिव्हिजन म्हणजे काय, हे सामान्य वाचकाला समजेल असं: तीन ब्रिगेड, तोफखाना, रणगाडे, पंधरा हजार माणसं, आणि या सगळ्यांवर एक डोकं. स्नेहाची बोटं झरझर चालतात. नारायणगुड्याच्या शाळेत फिजिक्स शिकवते, त्यामुळे नकाशा आणि दिशा तिला सांगाव्या लागत नाहीत. चार वर्षांपूर्वी मला हार्ट अटॅक आला तेव्हा पुण्याची नोकरी सोडून 'थोडे दिवस' म्हणून आली. आता इथेच रुळली आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं नशीब थोर.

एकच खटकतं. घरात बूट घालून फिरते. कॅनव्हासचे, लेसवाले. रात्री झोपतानाही बाहेरचाच पंजाबी ड्रेस, उशाशी फोन, फोनचा आवाज पूर्ण. मी म्हटलं, "उषा असती तर तुला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं." म्हणाली, "आई असती तर घातलेच नसते, नाना." मी पडलो त्या दिवशी ती मदतीला माणसं आणायला अनवाणीच जिन्यावरून धावली होती, पायात काच गेली. तेव्हापासून हे खूळ शिरलं. जखम केव्हाच भरली, पण बूट काही सुटत नाहीत. हल्लीच्या पोरींचं काय सांगावं.

१४ जानेवारी, संक्रांत

सारंग आणि शिल्पा तिळगूळ घेऊन आले. मुलगा याच शहरात राहतो हे मला संक्रांत-दिवाळीलाच आठवतं. कोंडापूरला बावीस मजल्यांच्या इमारतीत त्यांचा फ्लॅट आहे. तीन लिफ्ट, खाली दवाखाना. सारंगचं नेहमीचं टुमणं, "नाना, तिकडे चला." मी नेहमीचं उत्तर दिलं. माझं आयुष्य या भागात गेलं, मला काचेच्या डब्यात ठेवू नका.

मग शिल्पा बोलून गेली, "मग स्नेहाताईंच्या डेहराडूनचं काय?"

हे डेहराडून काय, मी विचारलं. तिकडे डोंगरात एक निवासी शाळा आहे. आवारात दुर्बिणीचा घुमट बांधलाय. मुलांना आकाश शिकवायला माणूस हवंय आणि त्यांनी स्नेहाला निवडलंय. पंधरा फेब्रुवारीपर्यंत उत्तर द्यायचं, एप्रिलमध्ये रुजू व्हायचं. लहानपणी ही पोर गच्चीवर उताणी पडून तारे मोजायची. आता चिक्कडपल्लीत आकाश म्हणजे पुलावरचे दिवे.

मी म्हटलं, "जा की! मी कुठे अडवलंय?" अगदी मनापासून म्हटलं. मग छातीत जरा भरल्यासारखं झालं. सारंगने डॉक्टर बोलावला, ईसीजी काढला. काही निघालं नाही. तीळ बाधले असावेत.

डेहराडूनचा विषय तिथेच राहिला.

१५ जानेवारी

स्नेहाने आज शाळा बुडवली. मी म्हटलं, मी ठणठणीत आहे. तरी गेली नाही. दुपारी दोन वेळा डुलकी लागली आणि दोन्ही वेळा डोळे उघडले तेव्हा ती दारात उभी. बुटांसकट. बरं वाटलं.

२२ जानेवारी

आज सहावं प्रकरण, माझ्या आवडीचं. आमच्या डिव्हिजनचे कमांडर जनरल साहेब आणि त्यांची राखीव ब्रिगेड.

साहेबांचा सिद्धांत साधा होता. हातात राखीव फौज आहे तोवर तुम्ही सेनापती, ती खर्च केलीत की तुम्ही प्रेक्षक. पहिली ब्रिगेड कालव्यावर हल्ल्याला गेली. दुसरीने डावी बाजू धरली. तिसरी मागे, शिसवीच्या राईत. तिला हुकूम एवढाच: दोन तासांच्या नोटिशीवर राहा. म्हणजे निरोप मिळाल्यापासून दोन तासांत सगळी ब्रिगेड रस्त्यावर दिसली पाहिजे. ट्रक भरलेले, तोंडं रस्त्याकडे, बूट पायात. कालव्यावर फार वाईट दिवस गेले, पण साहेबांनी तिला हात लावला नाही. कोणी सुचवलं की म्हणायचे, "असू दे. कदाचित लागेल." हेडक्वार्टरमधल्या मोठ्या नकाशावर पिना हलवणं माझं काम. बाकीच्या पिना दिवसातून दहादा हलायच्या. राईतली निळी पिन मात्र जागची हलली नाही. ती बघितली की धीर यायचा. सगळं बिघडलं तरी आपल्याकडे ती आहे.

स्नेहाची बोटं थांबली. "नाना, त्यांना माहीत होतं का, आपण नकाशावर एवढे छान दिसतो?"

मी म्हटलं, सैनिकाला सगळं माहीत असायची गरज नसते. तिने टाइप केलं. नंतर पाहिलं तर हेही वाक्य टाइप केलेलं. खोडायला लावलं.

३१ जानेवारी, शनिवार

हिम्मतराव आला होता. अकादमीतला सोबती, तोही कर्नल होऊन निवृत्त झाला, सैनिकपुरीत राहतो. लढाईत याच राखीव ब्रिगेडमध्ये कंपनी कमांडर होता. सहावं प्रकरण त्याला पाठवलं होतं आणि मागच्या पानावर छापायला चार ओळींची शाबासकी मागितली होती. तीन मजले चढून आला आणि खुर्चीत पडून धापा टाकत पहिलं वाक्य बोलला, "प्रभ्या, तू अजून हेडक्वार्टरातच बसलायस."

स्नेहाने चहा आणि उस्मानिया बिस्किटं आणली. बिस्किट बुडवता बुडवता त्याने प्रकरणाचे कागद काढले.

"लिहिलंस छान. पण संपलं कधी ते लिहिलं नाहीस."

"सतरा डिसेंबरला. युद्धबंदी झाली. शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे."

"तुमचं संपलं. आमचं?"

मला कळेना. मग तो सांगत गेला. युद्धबंदीच्या रात्री कालव्यावरच्या लोकांनी शेकोट्या पेटवल्या. राईत हुकूम आला की नोटीस कायम. दुसऱ्या दिवशीही तेच. नाताळ गेला, नवं वर्ष गेलं. ट्रक भरलेले, बूट पायात. रजा बंद. कंपनीत एकाच्या घरी बारसं होतं, एकाच्या घरी मयत, पण दोन तासांच्या नोटिशीवरच्या माणसाला गावाला कसं सोडणार? हिम्मतराव दोनदा ब्रिगेडमध्ये विचारून आला. ब्रिगेडने डिव्हिजनला विचारलं. उत्तर आलं, "असू दे."

"ते साहेबांचे शब्द," मी म्हटलं.

"हो तर. संक्रांत उलटल्यावर साहेबांची बदली झाली. नवा कमांडर आला. नकाशासमोर उभा राहिला म्हणे आणि विचारलं, ह्या झाडीत हे कोण बसलंय? कशासाठी? कुणाला सांगता येईना. त्या संध्याकाळी सुटलो. बूट काढले तर मोज्यांबरोबर कातडी निघाली. सगळी कंपनी कालव्यात पाय सोडून बसली होती. माझा सुभेदार, एवढा दांडगा गडी, ढसाढसा रडला."

नव्या कमांडरने विचारलं तेव्हा मी रजेवर होतो, हे मी त्याला सांगितलं. आणि हेही सांगितलं की सेनापतीला पुढचं बघावं लागतं, युद्धबंदी मोडलीही असती. तुम्ही लोक न लढता जिंकलात, हे लहान नाही.

त्याने कप खाली ठेवला. "लढायला धाडलं नाही याचं मला काही वाटत नाही रे. आईने नारळ फोडला असेल. पण काम संपल्यावर आम्हाला मोकळं केलं नाही. पंधरा हजारांचा कारभार हाकणाऱ्याला एक ओळ सुचली नाही. कदाचित लागेल, कदाचित लागेल! अरे, कदाचित म्हणजे काय, आमचं आयुष्य नव्हतं?"

स्नेहा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे तसाच हातात धरून आत गेली. बिस्किटं राहिली.

शाबासकीच्या चार ओळी काही त्याने दिल्या नाहीत.

१ फेब्रुवारी

हिम्मत्या पहिल्यापासून आडमुठा. अकादमीतही रांगेत चुकीच्या जागी उभा राहायचा. प्रकरण आहे तसंच ठेवतोय.

५ फेब्रुवारी

लिफ्टवाला आला, बघितलं, गेला. यादगिरी म्हणतो, पार्ट नागपूरहून यायचाय. दिवसभर खिडकीत बसलो. खालून भाजीवाली ओरडत जाते, कॉलेजची पोरं जातात, आणि मी वरून सगळ्यांची नुसती पाहणी करतो. काल स्वप्नात राई दिसली. मी तिथे कधी पाऊलही ठेवलेलं नाही. मी पाहिली ती फक्त पिन.

९ फेब्रुवारी, सोमवार

सारंगचा फोन. आवाज चढलेला. "नाना, स्नेहाने डेहराडूनला नाही कळवलं. मागच्या आठवड्यातच. तुम्हाला माहीत होतं?"

नव्हतं. पण खरं सांगतो, ऐकून पहिल्यांदा जे वाटलं ते सुख होतं. ती इथेच आहे. राहणार. संध्याकाळी ती शाळेतून आली, पर्स टाकली, त्याच बुटांनी स्वयंपाकघरात शिरली, कुकर लावला. मी खुर्चीतून बघत होतो. मस्त वाटत होतं.

जेवायला बसलो आणि ताटातला भात नुसता कालवत राहिलो. आमटी तीच, चव तीच. काहीतरी बोलायला हवं होतं. "आमटी झकास झालीय," एवढंच बोललो. तिने मान हलवली. तिचा एक हात फोनवर होता. मी तर समोरच बसलो होतो, मग फोन कुणाचा येणार होता? विचारलं. म्हणाली, "सवय झालीय."

१० फेब्रुवारी

हेडक्वार्टरला, म्हणजे मला, पत्ताच नव्हता. नोटीस मी दिलीच नव्हती. मी कधी तोंडातून काढलं की थांब म्हणून? चार वर्षांत एकदाही नाही. मग ही का थांबली?

साहेबही तोंडाने फारसं बोलत नसत.

१२ फेब्रुवारी

दोन दिवस सांगितलेलं सगळं खोडायला लावलं. स्नेहा एका शब्दाने चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. हिला मी असं कधी पाहिलंच नव्हतं: डोळ्यांखाली काळं, कानाजवळचे केस पांढरे. शाळेतून यायला जरा उशीर झाला की धावत जिना चढते. धापा ऐकू येतात. मला वाटायचं, व्यायाम म्हणून धावते.

सेनाशास्त्रातला एक नियम जनरल साहेबांना कधी लागला नाही आणि मी तो पुस्तकात लिहिलाच नाही. राखीव फौज वापरली की त्याच क्षणी दुसरी नेमायची, म्हणजे मग पहिलीला धरून बसायचं कारणच उरत नाही. दुसरी कोंडापूरला आहे. बावीस मजले, तीन लिफ्ट. ठरवलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पूर्ण फसलो.

सारंगला निरोप धाडून बोलावून घेतलं. भिंतीशी वॉकर, मी ताठ उभा, समोर दोघं सोफ्यावर. पद्धतशीर हुकूम सुनावला. परिस्थिती. उद्दिष्ट. कार्यवाही: स्नेहाने उद्याच शाळेला फोन करून नकार मागे घ्यावा आणि एप्रिलमध्ये डेहराडूनला कूच करावं. मी कोंडापूरला हलेन. आजपासून राखीव, सारंग. काही शंका?

सारंग म्हणाला, "नाना, तुम्ही या, पण राखीव म्हणू नका, प्लीज." मला वाटलं, स्नेहा आता गळ्यात पडेल. ती उठून उभी राहिली.

"नक्को," म्हणाली. हा हैदराबादी नक्को तिच्या तोंडून शाळेत असल्यापासून ऐकला नव्हता. "राहायचं तर तुमच्या छातीत दुखतं म्हणून, जायचं तर तुमचा हुकूम सुटला म्हणून. मी काय पिन आहे? इथून काढली, तिथे टोचली?"

"अगं, मी तुला मोकळं करतोय!"

"चार वर्षं झाली, नाना. एकदा तरी विचारायचं होतं."

खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळू लावलं. सारंग मान खाली घालून फोनशी चाळा करत बसला. मी उभाच होतो. स्टीलच्या खुब्याला एवढी सवय नाही. बसायलाही सारंगचा हात धरावा लागला.

एवढ्या वर्षांत किती हुकूम लिहिले. शेवटी 'काही शंका?' असं विचारायची पद्धत आहे. कुणी शंका विचारलीच तर रागवायची तीही पद्धत.

१५ फेब्रुवारी, रविवार

उत्तर द्यायची मुदत आजच होती. तिची झोप झाली की नाही कोण जाणे. माझी नाही.

सकाळी ती चहा घेऊन आली. मी म्हटलं, बस. मग म्हटलं, "म्हणजे, बसशील का?" बसली. बुटांची लेस एका पायाची सुटली होती. मी त्या लेसकडेच बघत बोललो, कारण चेहऱ्याकडे बघून मला हे जमलं नसतं.

"स्नेहा, तुला जायचंय का?"

केवढं सोपं वाक्य. लढाईत कोणी राखीव ब्रिगेडला हे विचारत नाही. विचारूही नये. पण हे घर आहे आणि लढाई कुठली चाललीय?

तिने वाकून लेस बांधली. खाली भाजीवाली ओरडून गेली. मग म्हणाली, "हौ."

"आणि मला भीती वाटतेय," मी म्हटलं. हे बोलायचं ठरवलं नव्हतं. "तू गेलीस आणि मी पडलो तर, याची. तुझ्यामुळे मला झोप लागते. पण ते माझं आहे. तुझ्या नोटिशीत ते लिहू नकोस."

तेव्हा रडली. मीही. ऐंशीला टेकलेला माणूस, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होतो. चहावर साय धरली.

मग तिने शाळेच्या मुख्याध्यापिकेला फोन लावला. रविवार होता, उचलला नाही. दुपारी परत लावला, तेव्हाही नाही. मला वाटलं, गेलं. एका आठवड्याने हरलो. काय सांगू, त्या चार तासांत मी देवाला काय काय कबूल केलं. संध्याकाळी पलीकडूनच फोन आला. मी भिंतीला धरून दाराशी उभा होतो. तिचं इंग्रजी ऐकू येत होतं, यस मॅम, यस मॅम. बाहेर आली आणि मान हलवली. जागा अजून तशीच होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

सहावं प्रकरण आज पुन्हा सांगितलं. पूर्वी शेवट असा होता: 'तिसरी ब्रिगेड अखेरपर्यंत राखीव राहिली, तिची गरज पडली नाही.' आता त्यापुढे दोन वाक्यं आहेत. 'हे त्या ब्रिगेडला वेळेवर कळवायला हवं होतं. डिव्हिजन हेडक्वार्टरने कळवलं नाही.' स्नेहाने टाइप केलं. हिम्मतरावला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, "एवढ्यासाठी मला तीन मजले चढवलेस होय रे?" आणि पुढच्या शनिवारी परत येतो म्हणाला. लिफ्ट बंद आहे सांगितलं. म्हणाला, माहीत आहे.

कोंडापूरला जायचं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. मला तिथलं काही आवडणार नाही. सारंगला मी हेही सांगितलंय. तो म्हणाला, "चालेल, नाना, तिकडे येऊन नावं ठेवा."

संध्याकाळी स्नेहा बाल्कनी धूत होती. बादली उलटी केली, पाणी सगळीकडे पसरलं, आणि ती कठड्याला टेकून त्या पाण्यात तशीच उभी राहिली. फोन आत टेबलावर वाजत होता. तिने नुसतं वळून बघितलं आणि वाजू दिला. बूट दाराबाहेर, चपलांच्या शेजारी होते. पायाची बोटं पाण्यात हलवत होती. टाचेवर त्या काचेचा वण दिसला.

फरशी ओली आहे, घसरशील, असं अगदी जिभेवर आलं होतं. बोललो नाही.